माश्यांची चोरओटी

माशीला काळीज असतं, हे मला पन्नाशीत कळलं. काही माणसांना ते नसतं, हे त्याआधीच कळून चुकलं होतं, म्हणून फारसं नवल वाटलं नाही.

मी शालन फडतरे. शाळा चौथीपर्यंत. कराडच्या पुढे डोंगराच्या पायथ्याला जे पांढरं केंद्र आहे, जिथे पोटातल्या लेकरांची जनुकं तपासतात, तिथल्या माशीघराची मी स्वयंपाकीण. बावीस वर्षं तिथे शिजवलं. लोक विचारायचे, माश्यांना कसला आलाय स्वयंपाक. मी म्हणायची, तुमच्या घरच्यापेक्षा बरा.

पिकल्या केळ्यावर घोंघावतात ना, त्या बारक्या लाल डोळ्यांच्या माश्या. केंद्रात त्यांच्या हजारो बाटल्या. प्रत्येक बाटलीच्या तळाला दोन बोटं जाड खाणं लागतं. मक्याचं पीठ, साखर, यीस्ट, घट्ट व्हायला आगर, आणि बुरशी धरू नये म्हणून एक आम्ल, ज्याच्या वासानं नवखा माणूस दारातूनच परत फिरतो. पातळ राहिलं तर माश्या बुडतात. घट्ट झालं तर तडे जातात आणि अळ्या वाळून मरतात. मध्यंतरी साहेबांनी आपोआप शिजवणारं यंत्र आणलं. तीन आठवडे चाललं. चौथ्या आठवड्यात मला न्यायला घरी गाडी आली. मी पळीवरून खाणं कसं पडतं ते बघते. यंत्राला मनगट कुठून आणणार.

आमचा नियम एकच, एका दिवशी एक भांडं. सगळ्या माश्यांना त्याच भांड्यातलं. नव्या आलेल्या पोरींना मी पहिल्याच दिवशी सांगायची, "लेकीला वेगळं आणि सुनेला वेगळं, हे तुमच्या घरी. इथे नाही."

हा नियम कशासाठी, ते मला डॉक्टर रुबीना तांबोळींनी समजावलं होतं. काळजाच्या विभागाच्या त्या प्रमुख. वय माझ्या निम्म्याला थोडं वर, पण चहा प्यायला यायच्या त्या माझ्याच स्वयंपाकघरात. एकदा त्यांनी मला सूक्ष्मदर्शकाखाली अळी दाखवली. पाठीच्या कण्याच्या जागी एक नळी. आकुंचायची, सुटायची, आकुंचायची.

"हे तिचं काळीज, काकी. एक जनुक आहे. ते काढून घेतलं तर ही नळी तयारच होत नाही. आणि त्याच जनुकाचा भाऊ आपल्यात आहे. तो बिघडला तर बाळाच्या काळजाला भोक राहतं, नाहीतर ठोका चुकायला लागतो."

"माशीचं आणि माणसाचं एकच?"

"साठ कोटी वर्षांपूर्वी दोघांची पणजी एकच होती."

"दिसायला कशी होती?"

"अळीसारखी असेल बहुतेक."

"म्हणजे माझ्या सासूच्या माहेरची."

मॅडमना ठसका लागला. मग टेबलावरचा माझ्या डब्यातला कांदा-लसूण मसाला पुढे ओढून म्हणाल्या, "हे बघा. कराडचा, कोल्हापूरचा, साताऱ्याचा, मिरची, कांदा, लसूण, खोबरं सगळ्यांत. ते काढलं तर मसालाच उरत नाही. पण दगडफूल किती, नागकेशर घालायचं की नाही, ते ज्या त्या घरचं. जनुकाचं तसंच. मधला भाग माशीत, माशात, कोंबडीत, आपल्यात जवळजवळ अक्षर न् अक्षर सारखा. त्याला धक्का लागला तर जीव जगतच नाही, म्हणून तो बदलत नाही. दोन्ही टोकं मात्र ज्याची त्याची वेगळी होत गेली."

"बरं."

"आणि एक गंमत. सुरुवातीच्या टोकाला, त्या सगळ्या बदललेल्या पसाऱ्यात, दहा-अकरा अक्षरांचा एक बारका तुकडा आहे. तो दोघांत सारखा राहिलाय. कशासाठी, ते अजून कुणाला धड माहीत नाही."

"कशासाठी तरी असेलच. साठ कोटी वर्षं उगाच कोण काय सांभाळतं. मी लग्नातला शालूसुद्धा सांभाळला नाही."

केंद्राची सगळी चाचणी याच्यावरच उभी होती. पोटातल्या बाळाच्या या जनुकात एखादं अक्षर बदललेलं सापडतं. ते बरं की वाईट, कुणाला सांगता येत नाही. मग तेच अक्षर माशीच्या जनुकात त्याच जागी बसवायचं, आणि शेजारी साध्या माश्या ठेवायच्या. अळ्यांचे कोष होतात, कोषातून माश्या फुटतात. शंभर कोषांतून सत्तरच्या वर माश्या निघाल्या तर अक्षर निरुपद्रवी. चाळीसच्या खाली निघाल्या तर वाईट. आईबापांनी त्यावर आपलं ठरवायचं, चोविसाव्या आठवड्याच्या आत. दोन्हीकडचं खाणं एका भांड्यातलं हवं, नाहीतर अक्षरामुळे मेल्या की खाण्यामुळे, ते कळणार कसं. हे मला तोंडपाठ होतं. दुसऱ्यांना मी शिकवलं होतं.

* * *

ईश्वरी माझी सून. मोजणी खात्यात ड्रोन उडवते. शेताचा बांध कुठे सरकला ते बोटभर अंतरानं सांगेल, आमटीत मीठ मात्र तिला कधी साधलं नाही. मी ते तिला रोज सांगायची. संकेत, माझा मुलगा, दोघींच्या मध्ये मान खाली घालून जेवायचा.

चौदाव्या आठवड्यात तिच्या रक्तातून बाळाची तपासणी झाली आणि त्या काळजाच्या जनुकात एक अक्षर बदललेलं निघालं. संकेतकडून आलेलं. केंद्रातली एक पोरगी फॉर्म भरायला बसली. तिनं विचारलं, घराण्यात कुणी तरुणपणी अचानक गेलंय का.

"माझे मालक," मी म्हटलं. "छत्तीस वर्षांचे होते. विहिरीवर मोटार चालू करायला गेले. ऊन लागलं."

तिनं लिहून घेतलं, ऊन.

आमच्याकडे चोरओटी भरतात. मोठं डोहाळजेवण सातव्या महिन्यात. त्याआधी, कुणाला सांगायच्या आत, दार लोटून घरातल्या घरात पोटुशीची ओटी भरायची. तांदूळ, नारळ, हळकुंड, खण. बाळाला कळावं, आपली कुणी वाट बघतंय. मी सगळं ताटात काढून ठेवलं होतं. ईश्वरी खोलीतून आली, ताटाकडे बघितलं आणि म्हणाली, "आई, राहू द्या. माश्यांचा रिपोर्ट येऊ दे."

"ओटीला कसला रिपोर्ट लागतो?"

"आज भरलीत आणि उद्या नकोच म्हणायची वेळ आली, तर त्या नारळाकडे मला बघवणार नाही."

"नारळाला काय धाड भरलीय. तुझ्यासारखं तोंड पाडून तरी बसत नाही."

बोलून गेले. तिनं केंद्रातून आलेलं पाकीट उघडून त्यातली चिठ्ठी माझ्यासमोर ठेवली. आकडे मला वाचता येतात. ४४१७. बाळाला तिथे नाव नसतं, आकडा असतो. ती म्हणाली, "सध्या हेच त्याचं नाव आहे, आई. याची ओटी भरता येते का बघा." आणि आत गेली.

तिनं ते रागानं म्हटलं होतं. मला ते तसं ऐकू आलं नाही.

* * *

पुढच्या गुरुवारी लेबलांची यादी आली. चाळीस बाटल्या, ४४१७. नेहमीसारखं मोठं भांडं चढवलं होतं. मी यादी दोनदा वाचली. ईश्वरीची ओटी रिकामी होती. पण माझ्या नातवंडाचं अक्षर या चाळीस बाटल्यांतल्या माश्यांच्या पोटी वाढणार होतं. त्या दिवशी मला वाटलं, पोटुश्या याच.

स्वयंपाकघराचं दार लोटलं. छोटी कढई काढली. मक्याबरोबर तांदळाचं पीठ घेतलं. साखरेऐवजी गूळ. घरून आणलेला नारळ खवून त्याचं दूध काढलं. चिमूट हळद. यीस्ट दुप्पट, कारण यीस्ट वाढवलं की अळ्या कशा धष्टपुष्ट होतात ते मी बावीस वर्षं बघत आले होते. नारळाच्या तेलकटपणानं अळ्यांचा श्वास कोंडतो, म्हणून वर आलेला तवंग पळीनं काढून टाकला. हातचं सगळं कसब लावलं. कढईला कुंकवाचं बोट टेकवलं आणि चाळीस बाटल्या भरल्या. बाकीच्या मोठ्या भांड्यातल्या.

मी तपासणी बिघडवतेय असं मनातही आलं नाही. आलं असतं तर बरं झालं असतं. मनात एवढंच होतं, माझ्या घरच्यांना इतरांसारखं साखरपाण्यावर ठेवायचं नाही.

नवव्या दिवशी रुबीना मॅडम हातात एक बाटली घेऊन आल्या.

"काकी, या चाळीसचं खाणं पिवळं दिसतंय. अळ्याही एक दिवस मागे आहेत, आणि चांगल्या जाड आहेत."

"मक्याचं नवं पोतं."

"बाकीच्या बाटल्या तशा नाहीत."

"पोतं मध्येच संपलं. तळाचं जुनं, वरचं नवं. पिठाला रंग असतोच की थोडा."

"भांडं एकच ना?"

तिथे थांबायला हवं होतं. मला दिसत होतं, ही बाई बाटली हातात फिरवतेय आणि तिला उत्तर हवंय. पण बावीस वर्षांत माझ्या भांड्यावर कुणी बोट ठेवलं नव्हतं. मी पदर खोचला आणि म्हटलं, "मॅडम, मी कधी दोन भांडी केली का?"

त्या ओशाळल्या. "नाही काकी. सॉरी."

तो सॉरी मी ठेवून घेतला.

* * *

शंभरातून शहाऐंशी निघाल्या. विसावा आठवडा चालू होता. संकेत रिपोर्ट मोबाइलवर वाचून दाखवत होता आणि ईश्वरी भिंतीला टेकून उभी होती. वाचून झाल्यावर ती माझ्यापाशी आली, माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि म्हणाली, "आई, आता भरा ओटी." लग्नाला चार वर्षं झाली होती. ती माझ्या इतकी जवळ पहिल्यांदाच आली होती.

मी ओटी भरली, दार उघडं टाकून, गल्लीतल्या बायका बोलावून.

मुलगी झाली. नदीच्या नावावरून कोयना नाव ठेवलं. केस एवढे की बारशाला टोपडं बसेना. सगळे म्हणाले, आजीवर गेलीय, कारण दूध मिळायला क्षणभर उशीर झाला तरी घर डोक्यावर घ्यायची. दीड महिन्यानंतर दूध पिताना तिला घाम यायला लागला. डॉक्टरांनी छातीला पट्ट्या लावल्या. ठोका मधेच अडतोय म्हणाले, काळजाला यंत्र बसवावं लागेल, दहा दिवसांनी पुण्याला या.

एकाहत्तराव्या दिवशी दुपारी ती ईश्वरीच्या मांडीवर पिता पिता थांबली. ईश्वरीला वाटलं, झोपली. तिनं तिला पाळण्यात ठेवलं आणि मला हळू आवाजात म्हणाली, "आई, भांडी वाजवू नका."

मी अर्धा तास भांडी वाजवली नाहीत.

* * *

चौकशी झाली. बाहेरून तिघांची समिती आली. त्यांच्या अहवालाचा अर्थ संकेतनं घरी सांगितला. कोयनाचं बदललेलं अक्षर जनुकाच्या मधल्या भागात नव्हतं, टोकाकडच्या भागात होतं. तो भाग माशीत आणि माणसात वेगळा झालेला आहे. तेव्हा माशीला त्या अक्षराबद्दल काही सांगता येणंच शक्य नाही. माश्या जगल्या यावरून अक्षर चांगलं असं म्हणू नये. ते वाईट होतं असंही म्हणता येत नाही. बाळाचा आजार दुसऱ्या कशानं असू शकेल. कुणाचा दोष नाही.

काळजाची चाचणी बंद झाली. रुबीना मॅडमना मागच्या इमारतीत बियाणं तपासायला बसवलं. जायच्या दिवशी त्या चहाला आल्या.

"ते अक्षर त्या बारक्या तुकड्यात होतं, काकी. तुम्हाला सांगितलं होतं ना, टोकाला असूनही दोघांत सारखा राहिलेला. मी तीन तास भांडले. साठ कोटी वर्षं जे कुणी बदललं नाही, ते बदलल्यावर काही होणार नाही असं कसं म्हणता. ते म्हणाले, मग तुमच्या माश्या जगल्या कशा?"

मी त्यांच्या कपात आणखी चहा ओतला. तेव्हाही मला सांगता आलं असतं. मी म्हटलं, "बिस्कीट घ्या."

खरं सांगायचं तर तोवर मला कळलं नव्हतं. शंका होती. शंकेला मी पायरीवर बसवून ठेवलं होतं. समितीनं लिहिलं होतं कुणाचा दोष नाही, आणि ते शिकलेले लोक होते. आयुष्यभर मी शिकलेल्यांना अक्कल शिकवली, आणि त्या एकदा मात्र त्यांचं मुकाट ऐकलं.

* * *

सव्वा वर्षानं ईश्वरीनं जेवताना सांगितलं, तिला दिवस गेलेत. दोन महिने झालेत.

"तपासलंस?" मी विचारलं.

"काय तपासायचं? ते अक्षर असेल किंवा नसेल. समितीनंच लिहिलंय, त्याचा संबंध सांगता येत नाही. आधीच्या वेळी माश्यांवर विश्वास ठेवला. आता काहीच नको." ती माझ्याकडे बघून थोडं हसली. "या वेळी ओटी आधी भरू, आई. रिपोर्टबिपोर्ट काही नाही."

घास माझ्या तोंडात तसाच राहिला. आमटी अळणी होती, पण कारण ते नव्हतं.

केंद्रात माणसं कमी केली होती. कपाटातल्या जुन्या वंशांच्या माश्या महिन्यातून एकदा नव्या बाटलीत झटकायचं काम माझ्याच गळ्यात पडलं होतं. नियमानं ते वंश पाच वर्षं ठेवायचे असतात. ४४१७ च्या बारा बाटल्या होत्या. शेजारच्या बाटल्यांत माश्यांची जत्रा असायची. या बारांत प्रत्येकी पाच-सहा. महिन्यामागून महिने मी बघत होते, आणि बाटली बदलून कपाट लावून घेत होते. आता त्या साध्या खाण्यावर होत्या. माझ्या कढईतलं त्यांना त्या एकाच वेळी मिळालं होतं.

दुसऱ्या दिवशी मी मोठं भांडं चढवलं आणि शेजारी छोटी कढई. तांदूळ, गूळ, नारळाचं दूध, हळद, दुप्पट यीस्ट. सगळं तेच, त्याच मापानं, कारण माझं माप चुकत नाही. ४४१७ च्या सगळ्या माश्या एकत्र केल्या, अर्ध्या साध्या बाटल्यांत झटकल्या, अर्ध्या पिवळ्यांत. कुणी शिकवायची गरज पडली नाही. एकाच घरच्या माश्या, एकच खोली, वेगळं फक्त खाणं. बावीस वर्षं दुसऱ्यांसाठी जे केलं ते पहिल्यांदा स्वतःसाठी केलं.

काचेवर खडूनं दोन्हीकडे शंभर शंभर कोषांवर खूण केली. तेराव्या दिवशी मोजलं.

पिवळ्या बाटल्यांत चौऱ्याऐंशी. साध्या बाटल्यांत एकोणतीस. उरलेल्या एकाहत्तर. काही कोषातच काळ्या पडलेल्या. काहींनी कोष फोडून डोकं आणि दोन पाय बाहेर काढले होते आणि तिथेच राहिल्या होत्या.

मी पुन्हा मोजलं. एकाहत्तरच.

* * *

मागच्या इमारतीत रुबीना मॅडम सोयाबीनचे दाणे निवडत बसल्या होत्या. मी बाटल्यांचे दोन्ही ट्रे टेबलावर ठेवले.

"हे कुणी केलं?"

"मी."

"मोजलं कुणी?"

"मीच. शंभरपर्यंत येतं मला."

त्यांनी भिंग काढलं आणि एकेक बाटली उचलून स्वतः मोजली. मी उभीच राहिले. पिवळ्या बाटलीपाशी त्यांचा हात थांबला. त्यांनी बाटलीच्या तोंडचा कापसाचा बोळा काढला आणि वास घेतला.

"नारळ?"

"नारळ, गूळ. चोरओटी होती."

त्यांना कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा त्यांनी भिंग खाली ठेवलं. "मी तुम्हाला विचारलं होतं, काकी."

"हो."

"मी सॉरी म्हणाले होते तुम्हाला."

"हो."

त्यांनी बोळा परत बाटलीत बसवला. मग बोलल्या त्या बाटल्यांकडे बघूनच. "खाणं भरपूर मिळालं की कमजोर काळीजसुद्धा कोष फोडण्यापुरतं चालून जातं. कोयनाचंही तसंच झालं असेल. पोटात होती तोवर आईचं रक्त तिला सांभाळत होतं. बाहेर आली आणि ओझं एकटीवर आलं." त्यांनी डोळे पुसले नाहीत, नुसते मिटून घेतले. "माशीनं बरोबर सांगितलं असतं. माशीत आणि आपल्यात तिथे काहीच वेगळं झालेलं नाही."

"मग हे लिहा."

"तुमचं नाव येईल."

"घाला."

"ईश्वरी वाचेल."

"वाचायच्या आधी मी सांगते."

त्यांनी मान हलवली आणि एकदम माझ्याकडे वळल्या. "संकेतमध्येही तेच अक्षर आहे. चौतीस ना तो? त्याला आजच पाठवा तपासायला. तुमच्या फॉर्मवर मालकांचं काय लिहिलंय?"

"ऊन लागलं."

"कुठल्या महिन्यात गेले?"

आजवर हे मला कुणी विचारलं नव्हतं.

"मार्गशीर्ष," मी म्हटलं. "अंगावर स्वेटर होता."

"मग ऊन का सांगितलंत?"

"काळीज बंद पडलं म्हटलं असतं, तर फडतऱ्यांचं घराणं कमजोर आहे म्हणून माझ्या पोराला मुलगी कुणी दिली असती का," मी म्हटलं. बोलताना पहिल्यांदाच मला ते वाक्य दुसरंच कुणीतरी म्हणतंय असं वाटलं.

* * *

ईश्वरी ओट्यापाशी घेवडा मोडत होती. मी उभ्यानंच सगळं सांगितलं, गुरुवारच्या कढईपासून मार्गशीर्षापर्यंत. रडले नाही. रडून सांगितलं असतं तर तिला मलाच सावरावं लागलं असतं.

"साध्या खाण्यावर किती?" तिनं विचारलं.

"एकोणतीस."

"मला शहाऐंशी सांगितल्या होत्या."

"हो."

तिनं एक शेंग मोडली, दोरा काढला. "मी तिला ठेवलीच असती, आई. एकोणतीस असत्या तरी. ओटी नको म्हटलं खरं, पण रिपोर्ट यायच्या आधीच संकेतला मी तसं सांगून ठेवलं होतं." दुसरी शेंग घेतली. "फक्त जन्मल्या दिवशी तिच्या काळजाला यंत्र बसवून घेतलं असतं. एकाहत्तर दिवस थांबलो नसतो."

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

"नको," ती म्हणाली. "आज काही बोलू नका."

संकेतच्या गळ्याच्या हाडाखाली आता यंत्र आहे, काड्यापेटीएवढं. डॉक्टर म्हणाले, दोन वर्षं उशीर झाला असता तर विहीर दूर नव्हती. केंद्रानं मला घरी बसवलं, आणि ते शिजवायचं यंत्र पुन्हा आणलं. रुबीना मॅडमचा विभाग उघडतोय म्हणतात. त्या मला भेटत नाहीत.

पोटातल्या बाळाचं रक्त तपासलं. तेच अक्षर आहे. ईश्वरीनं ठेवायचं ठरवलं आणि पुण्याच्या दवाखान्यात जन्माच्या दिवशीच यंत्र बसवायची सोय करून आली. हे मला संकेतकडून कळलं.

काल चोरओटी भरली. इस्लामपूरहून ईश्वरीच्या मावशी आल्या होत्या. नारळ त्यांनीच आणला, तांदूळ त्यांनीच निवडले. मग खोलीचं दार लोटलं. मी बाहेर बाकड्यावर बसले होते. आतून बांगड्यांचा आवाज आला, मावशी काहीतरी पुटपुटल्या, आणि ईश्वरी हसली. ती हसलेली मी बऱ्याच दिवसांत ऐकली नव्हती.

महिना झाला, स्वयंपाक तीच करते. माझ्या हातचं ती खात नाही. भांडण नाही, बोलणं नाही. मी ओट्यापाशी गेले की ती नुसती बाजूला होऊन थांबते, मी परत जाईपर्यंत.

काल सगळे गेल्यावर तिनं माझं ताट वाढलं. भात, घेवड्याची भाजी, आमटी. पुढ्यात ठेवलं आणि समोर बसली, आपलं ताट घेऊन. मी पहिला घास घेतला. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, पूर्वी बघायची तशी.

मीठ कमी होतं. मी काही बोलले नाही.